वाशीकडच्या चिलखताला कड्या जोडायला गेलो त्याची हकीकत

आमच्या बेंबळीतनं वाशीकडं कुणी फारसं जात नाही. कामच पडत नाही. बाजार आमचा धाराशिवला, जत्रा तुळजापूरला, मोठं दुखणं आलं तर सोलापूर. वाशी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक, डोंगराच्या पल्याड. तिकडं जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितोय. दुसरं कारण असं की मी परत आल्यापासनं गावात दोन बातम्या फिरतायत. एक म्हणते म्हातारा पाटलाशी भांडून आला, दुसरी म्हणते पाटलाच्या पाया पडून आला. दोन्ही खोट्या. झालं ते सगळं मी सांगतो, फक्त त्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या पाटलांच्या घरच्या थोरल्या बाईंना तसा शब्द दिलाय.

आम्ही शिकलगार. तलवारी, कट्यारी, चिलखतं साफ करणं, त्यांना पाणी देणं, तुटलेलं जोडणं हा आमचा हुन्नर. आता तलवारी कुणाच्या घरात राहिल्या नाहीत, म्हणून विळे-कातऱ्यांना धार लावतो. पण तरणा होतो तेव्हा आजाच्या हाताखाली परंड्याकडच्या एका जहागीरदाराच्या शिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, आठ वर्षं राबलोय. कडीचं चिलखत कसं विणतात ते या दोन डोळ्यांनी बघितलंय आणि या दोन हातांनी केलंय. आसपासच्या चार तालुक्यांत हे म्हणणारा दुसरा माणूस मला दाखवा.

दसऱ्याच्या आधी वाशीकडच्या पाटलांचा माणूस तुळजापूरला आला होता, तो वाट वाकडी करून आमच्याकडं आला. म्हणाला, पाटलांच्या घरात पिढीजात लोखंडी हात आहेत. दसऱ्याला पाटील ते दोन्ही हातांत घालून शिलंगणाला निघतात, पाच गावं बघायला येतात. त्याच्या कड्या सुटल्यात. शिवाय ते हाताला लांब होतं, बोटांच्याही खाली वीतभर लोंबतं, तर तेवढं कापून बेताचं करायचंय. वाशीचा लोहार कापून द्यायला तयार आहे, पण कडीला हात लावणार नाही म्हणतो.

माझा थोरला लेक सोलापूरला गिरणीत आहे, तो त्या दिवशी घरीच होता. तो म्हणाला, "अब्बा, निजाम गेला त्या पोलीस ॲक्शनपासनं तुम्ही त्या बाजूला पाऊल टाकलं न्हाय. आता या वयात कशाला? पाटलानं बोलावलं म्हणून?"

मी म्हणालो, "पाटलानं बोलावलं असतं तर गेलो नसतो. लोखंडानं बोलावलंय."

पोरानं कपाळाला हात लावला आणि माझी पिशवी भरायला घेतली.

तुळजापूर

सरळ धाराशिवला न जाता आधी तुळजापूर गाठलं, कारण कडीला तार लागते आणि ती कुठलीही चालत नाही. एस.टी.त चढताना कंडक्टरनं पिशवी उचलून टपावर टाकायचं बघितलं. त्याला ती उचलंना. आत मुठीएवढी ऐरण, दोन हातोड्या, सांडशी, कानस, छिन्न्या. तो विचारायला लागला की यात काय दगड भरलेत का. मी पिशवी मांडीवर घेतली आणि तुळजापूरपर्यंत तशीच धरून बसलो. दोन्ही मांड्या बधिर झाल्या, पण हत्यार टपावर गेलं नाही.

नवरात्राला आठ दिवस होते, तरी सोलापूरच्या गाड्या भरून येत होत्या. माणसांचा लोंढा देवळाकडं आणि मी एकटा उलटा, दुकानांकडं. तार बघायची रीत अशी की टोक दातात धरून वाकवायचं. तीनदा वाकवली आणि तुटली तर ती कडीची तार नव्हे. दहादा वाकून न तुटणारी पाहिजे. पाच दुकानांत मी तार चावली. एका दुकानदारानं विचारलं, "चाचा, भूक लागलीय का?" त्याला म्हणालो, माल असा ठेवलाय की पोट भरंना. शेवटी देवळातल्या घंटा विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं कोपऱ्यात गंजलेलं वेटोळं सापडलं. निजामाच्या राज्यातलं आहे, कुणी घेत नाही, असं तो म्हणाला. मी चावलं, वाकवलं, आणि काही न बोलता काखेत मारलं.

येरमाळ्याच्या पुढं

धाराशिव मागं पडलं की आमच्या काळ्या रानाची सवय असलेल्या माणसाला चुकल्यासारखं होतं. जमीन हळूहळू उथळ होत जाते, बांधांवर दगड वाढतात, आणि मग डोंगराचे फाटे दोन्ही अंगांनी जवळ येतात. कारळ फुललं होतं. पिवळंधमक, अख्खा उतार हळदीत लोळल्यासारखा. तुरी गुडघ्याच्या वर. शाळूची पेरणी चालू होती. आमच्याकडं तिफणीमागं बाया ओटीतनं बी सोडतात, तिकडं एका रानात पुरुष सोडत होता आणि बाई बैल हाकत होती. मी खिडकीतनं मान वळवून वळवून बघितलं. शेजारच्याला विचारलं तर तो म्हणाला त्याचा खांदा दुखत असंल. चालीरीत समजून मी उगीच नवल केलं.

येरमाळ्याच्या पुढं चाक बसलं. गाडी उचलायच्या जॅकची खीळ मोडली होती. ड्रायव्हर, कंडक्टर आणि निम्मे प्रवासी त्याच्याभोवती उकिडवे बसून एकमेकांना सल्ले द्यायला लागले. मी ऐरण रस्त्याकडंच्या दगडावर ठेवली, पिशवीतला एक जाड खिळा ठोकून मापाचा केला आणि जॅकला बसवला. गाडी उचलली गेली. ही एस.टी. वेगळी आणि कंडक्टरही वेगळा, तरी यानं पुढं वाशीपर्यंत माझी पिशवी आपल्या जागेवर ठेवली. माझ्या मांड्या सुटल्या.

वाशीपासनं तीन कोस पायी. गावाच्या शिवेवर एका म्हाताऱ्याकडं पाणी मागितलं. आमच्याकडं आधी तांब्या पुढं करतात आणि मग विचारतात पाव्हणं कुठलं. त्यानं आधी विचारलं, "कुणाचं तुम्ही?" मी म्हणालो बेंबळीचा शिकलगार, पाटलांच्या लोखंडासाठी आलोय. तेव्हा पाणी मिळालं, गुळाच्या खड्यासकट. पेला माझा माझ्याजवळ असतो. कुणाला माझ्यासाठी वेगळं भांडं शोधायला लागू नये आणि मला ते शोधताना बघायला लागू नये, म्हणून मी कुठंही गेलो तरी तो पिशवीत असतो.

पाटलांचं घर

रंगराव पाटील चाळिशीचा माणूस. रुंद, कमी बोलणारा. त्यांच्या आई, सगळं गाव त्यांना थोरल्या बाई म्हणतं, घरातला शब्द त्यांचा. आणि पाटलांचे मेव्हणे, दाजी, दसऱ्यासाठी पंधरा-वीस दिवस आधीच येऊन बसलेले. वाशीच्या लोहाराकडनं करवत दाजींनीच आणून ठेवली होती. ओसरीवर पाट मांडावा तशी ती मांडलेली होती.

ओसरीवर मला घोंगडं टाकलं. हुलग्याचं गरम माडगं दिलं, वर लसणाची फोडणी. आमच्या बेंबळीत असं माडगं होत नाही. आमच्या बाया ते पातळ करतात, इथं बोट उभं राहील इतकं दाट. मी दोनदा घेतलं.

माडगं पिता पिता थोरल्या बाईंनी घराण्याची कथा सांगितली. पाटलांचे पणजोबा मोठे लढवय्ये. त्यांचे हात गुडघ्यापर्यंत पोचायचे. देवाचे, राजांचे असतात तसे आजानुबाहू. हे लोखंड त्याची निशाणी. म्हणून तर आजच्या माणसाच्या हाताला ते वीतभर लांब होतं. गावातले गोंधळी देवीच्या गोंधळात त्या हातांचं कवन म्हणतात. हे सांगताना त्या म्हातारीचा आवाज असा चढला की मीही माडगं खाली ठेवून ऐकलं.

मग पेटी आली. लाल खारव्यात गुंडाळलेलं लोखंड, करडीच्या तेलानं माखलेलं. मी ते उलगडलं आणि मांडीवर घेतलं. हाताला कळायला वेळ लागला नाही. पहिला दिवस तसाच गेला. मी फक्त चिंधीनं तेल पुसत राहिलो.

दुसरा दिवस

हे लोखंड कसं होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. दोन नग. प्रत्येक वर कंबरेला बांधायच्या पट्ट्यापासनं सुरू होतो. मग कड्यांचं विणकाम, त्यात पुढच्या बाजूनं माशाच्या खवल्यासारख्या आडव्या लोखंडी पट्ट्या. मग एक गोल वाटी. मग वाटीखाली लांब, मधे उभी धार असलेला पत्रा. आणि सगळ्यात खाली कड्यांचा एक मोकळा पदर. पाटील तो कंबरेचा पट्टा खांद्यावर बांधायचे, वाटी कोपरावर यायची, लांब पत्रा मनगट ओलांडून बोटांखाली लोंबायचा.

माझा आजा सांगायचा की जुन्या काळी स्वाराच्या पायावर नुसतं जाड कापड आणि कातडं असायचं. त्यात कापूस भरून शिवलेला. मग कडीची विजार आली. तलवारीचा वार तिच्यावरनं घसरतो, पण सोट्याचा किंवा गदेचा घाव कडीतनं आत शिरतो. कडी तशीच राहते आणि आतलं हाड मोडतं. म्हणून मांडीच्या पुढच्या बाजूला पट्ट्या आल्या. पण गुडघा वाकतो, तिथं पट्टी चालत नाही, म्हणून वाटी आली. आणि घोड्यावरच्या माणसाची नडगी खालच्या पायदळाच्या बरोबर तोंडासमोर येते, म्हणून नडगीवर पत्रा आला, त्याच्या मधे धार, घाव दोन्हीकडं ओघळावा म्हणून. मग बंदुका आल्या. गोळी पत्र्यातनं जाते आणि वजन मात्र घोड्याला वाहावं लागतं. तेव्हा शहाण्या स्वारांनी पहिल्यांदा पाय उघडे केले.

आजा हे तोंडानं सांगायचा. इथं मला ते सगळं एका पायावर बघायला मिळालं. वरच्या कड्या सगळ्यात जुन्या होत्या. जाड, प्रत्येक कडीची दोन टोकं चपटी करून एकावर एक ठेवून मधे इवलासा खिळा मारलेला. पट्ट्या नंतरच्या, कारण त्या बसवायला कुणीतरी जुनं विणकाम कापलं होतं आणि कापलेल्या कडांना नवीन बारीक कड्या जोडल्या होत्या. आणि वाटी तिसऱ्याच माणसाची. लोखंड वेगळं, पातळ, रिबिटं पितळेची. हा पाय तीन लोहारांनी तीन काळांत केला होता. प्रत्येकानं आधीच्याचं काम मोडलं नाही, त्यावर आपलं घातलं. मी तो असा हातात धरून बसलो होतो की दाजींना वाटलं मला डुलकी लागली.

मी म्हणालो, "पाटील, हे हाताचं न्हाय. पायाचं हाय."

आधी दाजी बोलले, "उस्ताद, उन्हातनं आलात काल. ताक घ्या."

मी झीज दाखवली. दोन्ही नगांच्या आतल्या अंगाच्या कड्या घासून आरशासारख्या झाल्या होत्या, उजव्याच्या डाव्या बाजूला आणि डाव्याच्या उजव्या बाजूला. मांडी खोगिराला घासते तिथं. दाजी म्हणाले हात अंगाला घासतोच की. मी म्हणालो वाटी कोपराला केवढी होते बघा, आत लिंबू मावंल. ते म्हणाले पणजोबांचं कोपरच तेवढं. असं प्रत्येकाला उत्तर होतं. आजानुबाहू माणसाबरोबर वाद घालता येत नाही, तो कुठंही पुरतो.

पाटील मात्र दाजींसारखे हसले नाहीत. त्यांनी खाली मान घालून विचारलं, "उस्ताद, दर वर्षी देवीला लावून आमी हे घालतो. पाच गावं बघतात. आता तुम्ही म्हणता पायाचं. मंग आमी तीन पिढ्या काय केलं?"

मी म्हणालो, "ते मला ठाऊक न्हाय. पर करवत चालली तर हे लोखंड ना हाताचं राहील ना पायाचं. आन पणजोबांचं हात लांब म्हणता, मंग तेच कापायला कसं निघालात?"

थोरल्या बाई दारात उभ्या होत्या. हे त्यांनी ऐकलं. दाजींनी करवत उचलली होती ती त्यांच्याकडं बघून परत खाली ठेवली.

दाजींनीच मग तोड काढली. म्हणाले, पायाचं आहे ना, पाटलांनी पायात घालून चालून दाखवावं. चाललं तर तुमचं खरं. नाहीतर संध्याकाळी वाशीचा लोहार येतोय, तो कापंल. पाटील कबूल झाले. मीही झालो. आता लिहिताना वाटतं मी जरा थांबायला पाहिजे होतं.

पट्टे बांधायला मला पाटलांच्या पायाशी बसावं लागलं. या वयात गुडघे टेकताना वेळ लागतो. वाड्यातले गडी, दारातल्या बाया, सगळे बघत होते. दाजी म्हणाले, "उस्ताद, आता कसं जाग्यावर आलात."

मी वर न बघता म्हणालो, "दाजी, नाल मारणारा पण खालीच बसतो. म्हणून घोडा त्याचा मालक होत न्हाय."

पाटील मोठ्यानं हसले. आपल्याला घोडा म्हटलंय हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, तरी हसले. तेव्हापासनं मला तो माणूस आवडला.

मग ते चालले. पहिलं पाऊल बरं पडलं. दुसऱ्याला खालचा कड्यांचा पदर पायाखाली आला. तिसऱ्याला नडगीचा पत्रा घोट्यात रुतला आणि वाटी गुडघ्यावरनं सरकून आडवी झाली. चौथ्याला पाटलांनी ओसरीचा खांब धरला. दारातनं हसण्याचा आवाज आला. दाजी हळूच म्हणाले, "पायाचं हाय म्हणं, आन पायानं चालवंना."

खरं सांगतो, मी हरल्यात जमा होतो. सत्तरीतला माणूस, परक्या गावात, सगळ्यांसमोर. क्षणभर वाटलं लेक म्हणाला ते बरोबर होतं. मग मी पाटलांचे पाय बघितले, जमिनीवर सरळ उभे, आणि मला माझाच राग आला. आठ वर्षं शिलेखान्यात काढली आणि एवढं सुचलं नाही.

"घोडी हाय ना तुमची?" मी विचारलं.

पाटलांची एकच घोडी होती, दसऱ्यासाठी पाळलेली. आणली. खोगीर घातलं. पाटलांना स्वतः चढता येईना, दोन गड्यांनी उचलून बसवलं. मी रिकिबीचा पट्टा दोन भोकं लांब सोडला, कारण जुनी माणसं पाय जवळजवळ सरळ सोडून बसायची हे आजानं दाखवलं होतं. पाटलांनी रिकिबीत पाय घातला.

आणि लोखंड जागेवर गेलं. मला कशालाच हात लावावा लागला नाही. मांडीवरच्या पट्ट्या आपोआप एकीवर एक पसरल्या. वाटी गुडघ्यावर अशी बसली की जणू गुडघ्याचं माप घेऊन घडवली. पत्रा नडगीला चिकटला, त्याची धार बरोबर समोर. खालचा कड्यांचा पदर, जो पायाखाली येत होता, तो पावलावर पसरला आणि रिकिबीच्या बाहेर लोंबला. आतल्या बाजूला, खोगिराला जिथं मांडी लागते, तिथं नुसत्या त्या घासलेल्या कड्या. घोडीला टोचायला पत्रा कुठंच नव्हता. ज्यानं हे केलं त्याला घोडीची काळजी होती.

घोडीनं दोन पावलं टाकली. कड्या वाजल्या, बारीक, पावसाळी वाऱ्यात जोंधळ्याची पात वाजते तशा. दारातलं कुणी हसलं नाही.

थोरल्या बाई

म्हातारी ओसरीवरनं उतरून घोडीपाशी आली. लेकाच्या गुडघ्यावरच्या वाटीला तिनं हात लावला. मग माझ्याकडं वळली.

"आन मंग आमच्या पणजोबांचं हात?"

आता हा प्रश्न होता. मी खोटं बोलत नाही आणि मला त्या बाईला दुखवायचंही नव्हतं. मी म्हणालो, "बाई, हात माणसाएवढंच असणार. पर हे बघा." आणि मी दाखवलं. पाटील उंच माणूस, तरी त्यांच्या गुडघ्यावर वाटी बसवायची तर वरचा पट्टा कंबरेच्या वर चार बोटं ओढून बांधावा लागला होता. "ज्याच्या मापाचं हे हाय तो तुमच्या लेकापेक्षा चांगला चार बोटं उंच. तो घोड्यावर बसला तर खालच्या माणसाला त्याच्या गुडघ्याशी बोलावं लागत असंल. आन तीन येळा ज्यानं, ज्याच्या बापानं, ज्याच्या आजानं हे दुरुस्त करून घेतलं, ते घर पिढ्यान्‌पिढ्या लढलेलं हाय. एकदा लढून घरी बसणारा माणूस पायाचं चिलखत तीनदा जोडून घेत न्हाय."

आमच्याकडच्या म्हाताऱ्या असं काही ऐकलं की डोळ्याला पदर लावतात. ही तसली नव्हती.

"आन देवीला लावतो आमी हे," ती म्हणाली. "पायातलं."

मी म्हणालो, ते तुमचं तुम्ही बघा, माझं काम लोखंडाचं.

तिनं विचार केला. मग म्हणाली, "आमी ठेवतो ते देवीच्या पायाशीच ठेवतो. मांडीवर न्हाय. पायाशी पायाचं ठेवलं तर काय बिघडतंय?" आणि तशीच वळून, "दाजी, ती करवत ज्याची त्याला देऊन या. सांजच्याला तो यायच्या आधी."

दाजी मुकाट्यानं उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "उस्ताद, नाल बराबर ठोकला तुम्ही." मी म्हणालो लोखंड चांगलं होतं.

पाटील घोडीवर तसेच बसले होते. त्यांची काळजी वेगळी होती. दसऱ्याला पाच गावांसमोर हात उघडे आणि पायात लोखंड घालून निघायचं. लोक विचारणार. त्यांनी मला विचारलं, "लोक हसतील का ओ?"

मी म्हणालो, "चालत गेलात तर हसतील. आत्ता हसले तसं. असं बसून गेलात तर न्हाय. दर वर्षी तुम्ही शिलंगणाला चालत जात होता म्हणं, आन घोडी नुसतीच पुढं असायची. यंदा तिच्यावर बसा."

"हात आखडून चालायचो," पाटील म्हणाले. "धड आपट्याची पानं पण घेता यायची न्हाईत. दुसऱ्यांनी धरायची." आणि मग त्यांनी आपले मोकळे हात वर करून बघितले. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर भार दिला. वजन होतं, पण मी हाललो नाही.

तिसरा दिवस आणि परत

तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर ऐरण मांडली आणि कड्या जोडल्या. तुळजापूरची तार धगधगत्या निखाऱ्यांत मऊ करून, लाकडी काठीवर गुंडाळून, कापून, प्रत्येक टोक चपटं करून, भोक पाडून, खिळा मारून. सुटलेल्या सगळ्या कड्या जुन्यांसारख्याच केल्या. नुसतं टोकाला टोक लावून मोकळं सोडणं सोपं होतं, कुणाला कळलंही नसतं. पण आधीच्या तिघांनी जे केलं नाही ते मी कसं करणार? गावातली माणसं येऊन बसायची, बघायची. कालचं हसणं कुणी काढलं नाही. थोरल्या बाईंनी मला तीन वेळा माडगं पाठवलं आणि शेवटी आपल्या हातानं माझ्या पेल्यात ताक ओतलं.

दुपारी पाटील येऊन शेजारी बसले. म्हणाले, "उस्ताद, आता मला कळलं, आईला कळलं. माझ्या पोरांच्या पोरांना कोण सांगणार? पुन्हा कुणी हातात घालंल."

मी म्हणालो, "लिहून ठेवू."

त्यांना वाटलं कागदावर. ते गावच्या मास्तरांना बोलवायला निघाले. मी थांबवलं. कागद उंदीर खातो. मी लोखंडावर लिहिणार होतो.

आता इथं सांगायला पाहिजे की मी शाळेत दोन वर्षं गेलो, ती निजामाच्या राज्यात, आणि तिथं शिकवलं ते उर्दू. मराठी अक्षरं मला कुणी शिकवली नाहीत. राज्य बदललं, दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली. बाजाराला गेलो की एकेका पाटीखाली उभा राहायचो आणि आत काय विकतात त्यावरनं अक्षर ओळखायचो. धाराशिवच्या एका हॉटेलवाल्याला वाटलं होतं मी त्याच्यावर पाळत ठेवतोय. असं शिकलेलं अक्षर माणूस विसरत नाही.

पाटील म्हणाले मास्तर आधी खडूनं काढून देतील, तुम्ही त्यावर छिन्नी मारा. मी म्हणालो नको. बारीक छिन्नी घेतली, मांडीच्या पट्ट्यांची आतली बाजू ऐरणीवर उलटी धरली, आणि ठोके मारत गेलो. अख्खी दुपार गेली. वरची रेघ सोपी, ती छिन्नीला आवडते. बाकी अक्षरं तिला आवडत नाहीत. एका नगावर लिहिलं 'उजवा पाय', दुसऱ्यावर 'डावा पाय'. दुसऱ्यातला य जरा खाली घसरलाय. पाटलांनी बोटानं चाचपून वाचलं, थोरल्या बाईंना वाचून दाखवलं, आणि दाजींनाही दाखवलं.

चौथ्या दिवशी पहाटे मी निघालो. शिवेपर्यंत पाटील आले. दसऱ्याला थांबा म्हणाले, मी थांबलो नाही. विळ्यांची धार लावायची कामं पडली होती. वाशीला तीच एस.टी. मिळाली आणि जॅकला माझाच खिळा होता.

दसऱ्याचं काय झालं ते मी बघितलं नाही. निरोप आला की पाटील घोडीवर बसून निघाले, आपट्याची पानं स्वतःच्या हातानं तोडली. कुणी कुणी म्हणालं म्हणे, हे काय नवीन. म्हणू दे. लोखंड तिथं आहे, पेटीत, करडीच्या तेलात. आतल्या बाजूला मराठीत लिहिलंय. आता ज्याला अक्षर वाचता येतं, त्यानं ते हातात घालून दाखवावं.